मॉरिशसची राष्ट्रीय सभा

हिंदी महासागरातील मॉरिशस या द्वीपप्रजासत्ताकाचे एकसदनी विधिमंडळ. आफ्रिका खंडाशी राजकीय दृष्ट्या संलग्न असलेल्या या देशाचे क्षेत्रफळ सु. २,०४० चौ. किमी. व लोकसंख्या सु. साडेबारा लाख आहे. राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष व राष्ट्रीय सभा मिळून संसद बनते. सभेत ६२ निर्वाचित सदस्य असतात आणि विविध जमातींना पुरेसे प्रतिनिधित्व मिळावे म्हणून पराभूत उमेदवारांतून जास्तीत जास्त ८ सदस्य घेतले जातात. त्यामुळे सभेची कमाल सदस्यसंख्या ७० होते. सभेची बैठक राजधानी पोर्ट लुइस येथे, फ्रेंच अमदानीत अठराव्या शतकात उभारलेल्या शासनभवनालगतच्या सभागृहात भरते.

मॉरिशसला मूळचे रहिवासी नाहीत. फ्रेंच मळेवाले, आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेले गुलाम, भारतातून आलेले करारबद्ध मजूर व व्यापारी आणि चिनी दुकानदार यांच्या वंशजांनी हा देश बनला आहे. यांपैकी कोणत्याही गटाला कायमचे वगळले न जाता बहुमताचे राज्य कसे चालवावे, हा या विधिमंडळापुढील मूळ प्रश्न आहे. त्याची रचना, सामर्थ्य व तिच्यावरील आक्षेप यांचा उगम या प्रश्नातच आढळतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या बेटावर १६३८ ते १७१० या काळात डचांची वसाहत होती. १७१५ मध्ये ते फ्रेंचांकडे गेले. फ्रेंच राज्यक्रांतीचे पडसाद उमटून १७९० मध्ये येथे वसाहतीची पहिली निर्वाचित सभा अस्तित्वात आली. ती केवळ गोऱ्या वसाहतवाल्यांची होती. फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली. त्या निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी १७९६ मध्ये आलेल्या प्रतिनिधींना वसाहतवाल्यांनी बेटावरून परत पाठविले. लोकप्रतिनिधित्वाचा हा पहिला प्रयोग अशा रीतीने बहुसंख्य रहिवाशांच्या मुक्ततेच्या विरोधात वापरला गेला. नेपोलियनच्या आज्ञेने १८०३ मध्ये ही सभा संपुष्टात आली.

१८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले. १८२५ मध्ये गव्हर्नरच्या साहाय्यासाठी शासन परिषद नेमण्यात आली. तीत प्रारंभी केवळ अधिकारी असत. १८३१ पासून बिनसरकारी व्यक्तींचीही नियुक्ती होऊ लागली. गुलामगिरीच्या समाप्तीच्या सुमारास १८३४ पासून बिहार, मद्रास इलाखा तसेच मुंबई इलाख्यातील कोकण भागातून करारबद्ध मजूर मोठ्या संख्येने आणण्यात आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य झाले. राजकीय अधिकारांत मात्र त्यांना वाटा नव्हता. गव्हर्नर पोप-हेनेसी याच्या कारकीर्दीत १८८५ चे संविधान लागू झाले. त्यानुसार परिषदेत गव्हर्नर, ८ पदसिद्ध, ९ नियुक्त व १० निर्वाचित असे एकूण २८ सदस्य झाले. मताधिकार मालमत्ता व उत्पन्न यांवर आधारलेला असल्यामुळे १८८६ च्या पहिल्या निवडणुकीत मतदार केवळ सु. ४ हजार होते. भारतीय वंशाचे धनपत लाला व राजकुमार गजाधर हे प्रथम १९२६ मध्ये निवडून आले.

मजूर पक्षाची स्थापना (१९३६), उसाच्या मळ्यांवरील १९३७ च्या दंगली आणि दुसऱ्या महायुद्धानंतरचे बदललेले ब्रिटिश धोरण यांमुळे मताधिकाराचा विस्तार अटळ झाला. १९४८ मध्ये लागू झालेल्या संविधानाने वसाहतीत बोलल्या जाणाऱ्या कोणत्याही एका भाषेत साधे लिहितावाचता येणाऱ्या प्रौढ स्त्रीपुरुषांना मताधिकार दिला. मतदारांची संख्या सु. १२ हजारांवरून ७१ हजारांवर गेली. साक्षरतेच्या या अटीमुळे खेडोपाडीच्या बैठकांतून भारतीय भाषा शिकविण्याच्या कार्याला राजकीय महत्त्व आले. कारण स्वभाषेची अक्षरओळख हीच मतपेटीकडे जाण्याची वाट ठरली. नव्या विधान परिषदेतील १९ निर्वाचित सदस्यांपैकी ११ हिंदू होते; मुस्लिम मात्र एकही निवडून आला नाही. एमिलिएन रोशकूस्त ही निवडून आलेली पहिली महिला सदस्य याच निवडणुकीतील. गव्हर्नरने १२ सदस्य नियुक्त करताना प्रामुख्याने सनातनी मतांच्या व्यक्तींची निवड केल्यामुळे निवडणुकीतील कौलाचा प्रभाव बराच कमी झाला.

प्रौढ मताधिकार सर्वांना लागू होऊन पहिली निवडणूक मार्च १९५९ मध्ये झाली. तत्पूर्वी ट्रस्ट्रम ईव्ह आयोगाने बेटाचे ४० एकसदस्यीय मतदारसंघ पाडले होते. ज्या जमातींना पुरेसे प्रतिनिधी मिळाले नसतील, त्यांच्यासाठी गव्हर्नरने जास्तीत जास्त १२ सदस्य नियुक्त करावेत, अशी तरतूदही करण्यात आली. मजूर पक्षाचे नेते शिवसागर रामगुलाम १९६१ मध्ये मुख्यमंत्री झाले. १९६४ मध्ये विधान परिषदेचे ‘विधानसभा’ असे नामांतर झाले. देश १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला आणि १२ मार्च १९९२ रोजी प्रजासत्ताक झाल्यावर विधानसभेस ‘राष्ट्रीय सभा’ हे विद्यमान नाव मिळाले.

निवडणूकपद्धतीचा उगम : सप्टेंबर १९६५ मध्ये लंडन येथे भरलेल्या संविधान परिषदेत स्वातंत्र्याचा मार्ग खुला झाला, पण स्वतंत्र देशात हिंदू बहुसंख्याकांचे एकतर्फी वर्चस्व निर्माण होईल, अशी भीती इतर जमातींत होती. अब्दुल रझाक मोहमद यांच्या नेतृत्वाखालील मुस्लिम कृतिसमितीने मुस्लिमांसाठी संरक्षणाची मागणी केली. क्रिओल व गोऱ्या समाजांत आधार असलेल्या मॉरिशियन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने स्वातंत्र्याऐवजी ब्रिटनशी सहयोगी राज्याच्या नात्याने संबंध ठेवण्याचा आग्रह धरला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९०९ मध्ये मुस्लिमांसाठी विभक्त मतदारसंघ निर्माण करण्यात आले होते. मॉरिशसमध्ये तो मार्ग टाळण्यात आला. सर हॅरल्ड बॅनवेल यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६६ मध्ये संयुक्त मतदारयादी व त्रिसदस्यीय मतदारसंघ यांची शिफारस केली. जमातींच्या प्रतिनिधित्वासाठी आयोगाने सुचविलेल्या उपायांवर मतभेद झाले. तेव्हा ब्रिटिश मंत्री जॉन स्टोनहाउस यांनी बेटावर येऊन तडजोड घडवून आणली. तीतून ‘बेस्ट लूझर’ म्हणजे सर्वाधिक यशस्वी पराभूत उमेदवारांची पद्धती निश्चित झाली.

या पद्धतीने पहिली निवडणूक ७ ऑगस्ट १९६७ रोजी झाली. रॉड्रिग्झ बेटाचे रहिवासी सार्वत्रिक निवडणुकीत प्रथमच मतदान करीत होते. स्वातंत्र्यवादी आघाडीला ६२ पैकी ३९ व विरोधकांना २३ जागा मिळाल्या. जागांच्या मानाने मतांचे अंतर कमी होते : चाळीस टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्यविरोधी पक्षाला मते दिली होती. त्याच महिन्यात विधानसभेने स्वातंत्र्याच्या मागणीचा ठराव संमत केला. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुइस येथे क्रिओल व मुस्लिम यांच्यात उसळलेली दंगल आटोक्यात आणण्यासाठी ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. अल्पसंख्याकांना दिलेल्या आश्वासनाला त्या काळी किती महत्त्व होते, हे यावरून ध्यानात येते.

रचना : मॉरिशस बेटाचे २० त्रिसदस्यीय मतदारसंघ असून रॉड्रिग्झचा एक द्विसदस्यीय मतदारसंघ आहे. प्रत्येक मतदाराला मतदारसंघातील जागांइतकी मते असतात व ती सर्व वापरावी लागतात. तीनऐवजी दोनच खुणा केलेली मतपत्रिका अवैध ठरते. सर्वाधिक मते मिळविणारे उमेदवार विजयी होतात. मतदाराचे वय मूळ घटनेनुसार किमान २१ वर्षे होते. १९७५ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर ते १८ वर्षे करण्यात आले. उमेदवाराला सभेच्या कामकाजात भाग घेण्याइतपत इंग्रजी बोलता व वाचता येणे आवश्यक आहे. मतदारसंघांच्या लोकसंख्येत मोठी तफावत आहे. राजधानीतील सर्वांत लहान मतदारसंघाची मतदारसंख्या नैर्ऋत्येकडील साव्हान–ब्लॅक रिव्हर या मतदारसंघाच्या निम्म्याहूनही कमी आहे. तथापि दोहोंतून प्रत्येकी तीनच सदस्य निवडले जातात.

जमातनिहाय जागांची वाटणी : राज्यघटनेच्या पहिल्या अनुसूचीत लोकसंख्येच्या चार जमाती मानलेल्या आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि सर्वसाधारण लोकसमूह. जीवनपद्धतीवरून पहिल्या तीन जमातींपैकी कोणत्याही जमातीची न वाटणारी व्यक्ती चौथ्या गटात मोडते. त्यामुळे श्रीमंत फ्रेंचवंशीय मळेवाला व गुलामांचा वंशज असलेला गरीब क्रिओल कोळी हे दोघेही घटनेच्या दृष्टीने एकाच जमातीचे ठरतात. तद्वतच हिंदू या गटात बिहारी, तमिळ, तेलुगू व मराठी भाषिक पूर्वजांचे लोक एकत्र येतात. कोकणातून आलेल्या मजुरांच्या मराठी वंशजांनी स्वतंत्र संस्था, मंदिरे व गणेशोत्सव यांद्वारे आपली ओळख टिकविली असली आणि गणेशचतुर्थीस देशात सार्वजनिक सुटी असली, तरी जागावाटपात त्यांची वेगळी गणना होत नाही.

उमेदवारी अर्ज भरताना प्रत्येक उमेदवाराने आपली जमात जाहीर करावयाची असते. ६२ जागांचे निकाल लागल्यावर निवडणूक पर्यवेक्षण आयोग अतिरिक्त जागांची वाटणी करतो. प्रत्येक जमातीच्या लोकसंख्येला तिच्या निर्वाचित सदस्यांच्या संख्येत एक मिळवून येणाऱ्या संख्येने भागतात. ज्या जमातीचा भागाकार सर्वांत मोठा, तिचे प्रतिनिधित्व सर्वांत अपुरे मानले जाते व पहिली जागा तिला मिळते. ती जागा हिशेबात धरून पुन्हा भागाकार काढतात व पुढची जागा ठरवितात.

उदाहरणार्थ, स्थूलमानाने हिंदूंची लोकसंख्या ४,२८,०००, सर्वसाधारण लोकसमूहाची २,३७,०००, मुस्लिमांची १,३७,००० व चिनी-मॉरिशियनांची २४,००० धरली आणि त्यांचे अनुक्रमे ३३, १७, ९ व ३ सदस्य निवडून आले असे मानले, तर भागाकार अनुक्रमे सु. १२,५८८, १३,१६७, १३,७०० व ६,००० येतात. पहिली जागा मुस्लिम उमेदवाराला मिळते. त्यानंतर मुस्लिमांचा भागाकार १२,४५५ वर येतो व दुसरी जागा सर्वसाधारण लोकसमूहाकडे जाते. मग त्या समूहाचा भागाकारही उतरतो आणि तिसरी जागा हिंदूंना मिळते. म्हणजे ही तरतूद नावापुरतीही अल्पसंख्याकांसाठी राखीव नाही. ज्या जमातीचे प्रतिनिधित्व त्या त्या वेळी तुलनेने कमी भरते, तिला जागा मिळते.

आठ जागांपैकी पहिल्या चार जागा पक्षाचा विचार न करता योग्य जमातीच्या सर्वाधिक यशस्वी पराभूत उमेदवारांना देण्यात येतात. यश मोजताना उमेदवाराला आपल्या मतदारसंघात मिळालेल्या मतांचे शेकडा प्रमाण पाहतात. अपक्ष उमेदवार या जागांना पात्र नसतो. पहिल्या चारांपैकी जितक्या जागा विजयी पक्षाबाहेर गेल्या असतील, तितक्या जागा पुढच्या चारांतून विजयी पक्षाच्या, परंतु योग्य जमातीच्या पराभूत उमेदवारांना दिल्या जातात. मतपेटीतून लाभलेले पक्षबल जमातींच्या समतोलासाठी बिघडू नये, हा यामागील हेतू होय.

अधिकार व कामकाज : सभेची मुदत सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे असते. पंतप्रधानाच्या सल्ल्याने राष्ट्राध्यक्ष ती मुदतीपूर्वी विसर्जित करू शकतो. मंत्रिमंडळ सभेला जबाबदार असते. राष्ट्राध्यक्षाची निवड पंतप्रधानाच्या प्रस्तावावरून सभा बहुमताने करते. सभेने संमत केलेले विधेयक राष्ट्राध्यक्षाच्या अनुमतीने कायदा बनते. अर्थविधेयकाखेरीज अन्य विधेयक तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतो; पुन्हा संमत झाल्यास त्याला अनुमती द्यावीच लागते.

ब्रिटिश संसदेप्रमाणे ही सभा सार्वभौम नाही. राज्यघटना हा सर्वोच्च कायदा असून घटनाविरोधी अधिनियम न्यायालये रद्द करू शकतात. घटनादुरुस्तीला सामान्यतः दोन-तृतीयांश व मूलभूत हक्क, निवडणूकपद्धती इत्यादींविषयीच्या कलमांना तीन-चतुर्थांश सदस्यांची संमती लागते. मॉरिशस हे सार्वभौम लोकशाही प्रजासत्ताक आहे, हे पहिले कलम आणि सभेच्या पाच वर्षांच्या मुदतीचे कलम यांत बदल करण्यासाठी सार्वमतात तीन-चतुर्थांश मतदारांची मान्यता व सभेतील सर्व सदस्यांचे अनुकूल मत आवश्यक आहे. इतकी कठोर अट घालण्याचे कारण इतिहासात सापडते. १९६७ मध्ये निवडलेल्या सभेने १९६९ च्या घटनादुरुस्तीने आपलीच मुदत वाढवून घेतली आणि पुढील निवडणूक १९७६ पर्यंत लांबली. दरम्यान १९७० च्या एका पोटनिवडणुकीत मॉरिशियन मिलिटंट मूव्हमेंट या नवोदित पक्षाचे देव विरासामी विजयी झाल्यानंतर पोटनिवडणुकाही थांबविण्यात आल्या. डिसेंबर १९७१ मध्ये आणीबाणी पुकारण्यात आली व या पक्षाच्या नेत्यांना तुरुंगवास घडला.

सभेचे कामकाज प्रायः मंगळवारी चालते. विरोधी पक्षनेत्याचे पद घटनात्मक आहे. अनेक घटनात्मक पदांवरील नियुक्त्यांबाबत त्याच्याशी विचारविनिमय करावा लागतो. बैठकीच्या प्रारंभी अल्पसूचना-प्रश्न विचारण्याचा त्याचा अधिकार हे शासनाला जाब विचारण्याचे प्रभावी साधन मानले जाते. २०१७ पासून कामकाजाचे थेट प्रक्षेपण होऊ लागले.

सभेची अधिकृत भाषा इंग्रजी असून सदस्याला फ्रेंचमध्येही भाषण करता येते, अशी घटनेची तरतूद आहे. बहुसंख्य लोकांची घरगुती भाषा असलेल्या मॉरिशियन क्रिओलला घटनेच्या या कलमात स्थान मिळालेले नाही. भाषेच्या प्रश्नावर एकदा सभाच विसर्जित झाली. प्राथमिक शिक्षणाच्या अखेरच्या परीक्षेतील गुणानुक्रमासाठी हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी आदी पौर्वात्य भाषांचे गुण धरता यावेत, म्हणून १९९५ मध्ये शासनाने घटनादुरुस्ती मांडली. आवश्यक बहुमत न मिळाल्याने पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ (कार. १९८२–९५) यांनी सभा विसर्जित करविली व पुढच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला.

सभापती सभागृहाबाहेरूनही निवडता येतो. सर हरिलाल वाघजी यांनी स्वातंत्र्यापूर्वीपासून १९७९ पर्यंत हे पद भूषविले. माया हनुमानजी (कार. २०१४–१९) या पहिल्या महिला सभापती होत. १९७६ मध्ये प्रथम निवडून आलेल्या शिरीन औमीरुद्दी-सिझा यांची नोव्हेंबर २०२४ मध्ये सभापतिपदी निवड झाली. सदस्यांत महिलांचे प्रमाण मात्र एक-पंचमांशापलीकडे गेलेले नाही.

निवडणुकांचे निकाल व विरोधी पक्ष : १९७६ च्या निवडणुकीत मिलिटंट मूव्हमेंट ३४ जागा मिळवून सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण मजूर पक्ष (२८) व सोशल डेमोक्रॅटिक पक्ष (८) यांनी एकत्र येऊन ७० पैकी ३६ सदस्यांच्या बळावर शासन चालविले. ११ जून १९८२ रोजी मिलिटंट मूव्हमेंट व तिच्या मित्रपक्षाने मॉरिशस बेटावरील सर्वच्या सर्व ६० जागा जिंकल्या आणि स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेले रामगुलाम सत्तेवरून गेले. १९९५ मध्ये मजूर पक्ष व मिलिटंट मूव्हमेंट यांच्या आघाडीने आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नवीन रामगुलाम यांच्या नेतृत्वाखालील आघाडीनेही अशाच ६० जागा मिळविल्या. या तिन्ही वेळी विजेत्यांना सु. ६० ते ६५ टक्के मते पडली होती. बहुसदस्यीय मतदारसंघात मतदार बहुधा एकाच आघाडीच्या तिन्ही उमेदवारांना मते देतो, त्यामुळे मतांतील अंतर जागांमध्ये अनेक पटींनी वाढते. एक-तृतीयांशाहून अधिक मतदारांना बेटावर एकही निर्वाचित प्रतिनिधी मिळत नाही.

अशा प्रसंगी पराभूत उमेदवारांच्या जागांना अनपेक्षित महत्त्व येते. विजेत्यांचे सर्व उमेदवार निवडून आल्याने पहिल्या चारही अतिरिक्त जागा अन्य पक्षांकडे जातात. समतोलासाठीच्या पुढील चार जागा मात्र भरता येत नाहीत, कारण विजयी पक्षाकडे पराभूत उमेदवारच उरलेला नसतो. म्हणून या तिन्ही सभांची सदस्यसंख्या ७० ऐवजी ६६ झाली. जमातींच्या समाधानासाठी केलेल्या तरतुदीने विरोधी पक्ष अगदीच नाहीसा होऊ दिला नाही, ही तिची एक अनुद्दिष्ट, पण मोलाची कामगिरी होय. एवढ्या एकतर्फी विजयानंतरही आघाड्या टिकाऊ ठरल्या नाहीत : १९८२ ची आघाडी वर्षभरातच फुटून ऑगस्ट १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक घ्यावी लागली आणि १९९५ ची आघाडी १९९७ मध्ये मोडली. सभागृहातील विरोध त्यामुळे बहुधा सत्ताधाऱ्यांच्या फुटीतूनच बळावत आला आहे.

१९७२ ची जनगणना व सुधारणेचा वाद : जमातीऐवजी वर्गाच्या आधारे राजकारण करू पाहणाऱ्या मिलिटंट मूव्हमेंटच्या शासनाने १९८२ मध्ये जनगणनेतून जमातीचा प्रश्न वगळला. नागरिकांची अशी विभागणी शासकीय नोंदींतून नाहीशी व्हावी, हा त्यामागील विचार होता. पण पराभूत उमेदवारांची पद्धती कायम राहिली आणि तिच्यासाठी १९७२ च्या जनगणनेचेच आकडे यापुढेही वापरावेत, अशी तरतूद घटनेत झाली. त्या जनगणनेत हिंदू सु. ५२, सर्वसाधारण लोकसमूह सु. २९, मुस्लिम सु. १६·५ व चिनी-मॉरिशियन सु. ३ टक्के होते. तेव्हा देशाची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. जमातींची मोजणी थांबविण्याच्या प्रयत्नातून अशा रीतीने एका जुन्या मोजणीला कायमचे स्थान मिळाले. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही तिच्याच आधारे जागा वाटल्या जातात.

‘रेझिस्तान्स एक अल्तेर्नातिव्ह’ या डाव्या पक्षाच्या सदस्यांनी, आपण केवळ मॉरिशियन असल्याचे सांगून, जमात जाहीर करण्यास नकार दिला. त्यांचे उमेदवारी अर्ज फेटाळण्यात आले. हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेले. अद्ययावत आकडेवारी नसताना उमेदवारांवर जमात जाहीर करण्याची सक्ती करणे मनमानी असून त्यामुळे निवडणुकीस उभे राहण्याच्या हक्काचा भंग होतो, असा निष्कर्ष समितीने २०१२ मध्ये काढला. परिणामतः २०१४ च्या निवडणुकीपुरती ही सक्ती उठविणारी तात्पुरती घटनादुरुस्ती करण्यात आली. तिची मुदत संपल्यावर २०१९ मध्ये जमात न लिहिणाऱ्यांचे अर्ज पुन्हा अवैध ठरले.

सर्वंकष सुधारणेचे प्रयत्नही झाले. दक्षिण आफ्रिकेतील न्यायमूर्ती ॲल्बी सॅक्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००२ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने ३० अतिरिक्त सदस्य निवडण्याची शिफारस केली. डिसेंबर २०१८ मध्ये शासनाने या विषयावर घटनादुरुस्ती विधेयक मांडले; पण तीन-चतुर्थांश बहुमताअभावी ते संमत होऊ शकले नाही. प्रमाणशीर पद्धतीने एकतर्फी निकाल टळतील हे बहुतेकांना मान्य आहे. तथापि मोठ्या आघाड्यांना विद्यमान पद्धतीचा आळीपाळीने लाभ होत आल्याने, ती बदलण्याची शक्ती असणाऱ्यांना बदलाची निकड वाटत नाही.

मूल्यमापन : स्वातंत्र्यसमयी दुभंगाच्या उंबरठ्यावर असलेल्या या देशात १९७६ पासून निवडणुका नियमितपणे होत आल्या असून १९८२, १९९५, २०००, २००५, २०१४ व २०२४ या वर्षी मतदारांनी सत्तांतर घडवून आणले. प्रत्येक वेळी पराभूत शासनाने सत्ता शांततेने सोडली. हिंदू बहुसंख्य देशात पॉल बेराँझे (कार. २००३–०५) हे फ्रेंचवंशीय नेते पंतप्रधान झाले. कासम उतीम (कार. १९९२–२००२) या मुस्लिम नेत्याची सभेने राष्ट्राध्यक्षपदी निवड केली. या यशाचे श्रेय केवळ जागावाटपाच्या सूत्राला देता येत नाही. आघाड्यांचे राजकारण, स्वतंत्र न्यायसंस्था व निःपक्षपाती निवडणूक यंत्रणा यांचाही त्यात वाटा आहे. परंतु कोणतीही मोठी जमात सभागृहाबाहेर राहणार नाही, या हमीमुळे पराभव सोसण्याजोगा झाला, हे निश्चित.

या हमीची किंमतही स्पष्ट आहे. उमेदवाराला सभेकडे जाताना प्रथम आपली जमात सांगावी लागते आणि पक्षही उमेदवार निवडताना तोच हिशेब मांडतात. संक्रमणकाळातील भीती शमविण्यासाठी योजलेला उपाय ती भीती ओसरल्यावरही टिकून राहिला, तर तो त्या भेदांनाच घटनात्मक आधार देतो, अशी टीका होते. उलट तो काढून घेतल्यास लहान जमातींचा विश्वास ढळेल, असे त्याचे समर्थक मानतात. १९७२ ची शिरगणती बाजूला ठेवून या दोन्ही आक्षेपांना उत्तर देणारी निवडणूकपद्धती शोधणे, हे मॉरिशसच्या राष्ट्रीय सभेपुढील सर्वांत महत्त्वाचे कार्य आहे.